पाणी दिलेलं पातं

लोहार पोलादाला पाणी देतो. लालबुंद तापवलेलं पातं पाण्यात किंवा तेलात बुडवलं की ते कडक होतं. तेल वापरलं तरी शब्द पाण्याचाच राहतो. विळा, कोयता, सुरी, सगळ्यांची किंमत त्यांच्या पाण्यावर ठरते. ‘याचं पाणी उतरलं’ म्हटलं की त्या हत्याराचा जीव गेला, हे ऐकणाऱ्याला कळतं. मुंबईत घडीचा चाकू रोज जवळ बाळगायचा असेल, तर भट्टीतल्या या पाण्याइतकाच हवेतल्या पाण्याचाही विचार करावा लागतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते भिंतींत, कपड्यांत, चामड्याच्या पाकिटात आणि बंद कपाटातसुद्धा शिरतं. वरळी, माहीम, वर्सोवा अशा समुद्राकाठच्या वस्त्यांत तर ते येताना मीठ घेऊन येतं.

महागड्या चाकूंची तुलना सहसा कडकपणाच्या आकड्यांवर आणि धार किती पुठ्ठा कापून टिकते यावर चालते. त्या आकड्यांत खोटं काही नाही. पण या चाकूंचे दोन नावाजलेले कारखाने ज्या गावांत आहेत, स्पायडर्कोचं कोलोरॅडोतलं गोल्डन आणि ख्रिस रीव्हचं आयडाहोतलं बॉयसी, ती दोन्ही कोरड्या हवेची. तिथे क्रमवारीत खाली गेलेला चाकू दादरला वर येऊ शकतो, आणि तिथला पहिला इथे जुलै महिन्यात तांबूस ठिपके दाखवू शकतो. म्हणून मी तुलना गंजापासून सुरू करतो.

पोलाद गंजू नये म्हणून त्यात क्रोमियम घालतात, आणि विकत घेणारा माणूस क्रोमियमचे टक्के बघून निश्चिंत होतो. इथेच फसगत होते. क्रोमियम किती घातलं यापेक्षा ते कुठे जाऊन बसलं याला महत्त्व आहे. पोलादातला कार्बन क्रोमियमला स्वतःकडे ओढतो आणि दोघांचे मिळून कठीण कण बनतात. त्यांना कार्बाइड म्हणतात. हे कण धार टिकवायला मदत करतात, पण त्यांत अडकलेलं क्रोमियम गंज रोखायला येत नाही. पोलादात विरघळून मोकळं राहिलेलं क्रोमियम तेवढं राखण करतं. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या चाकूंत सर्रास दिसणारं डी-टू पोलाद याचं ठळक उदाहरण. त्यात साधारण १२ टक्के क्रोमियम असतं, पण कार्बनही दीड टक्का असतो. बरंचसं क्रोमियम कणांत खर्ची पडतं आणि डी-टूचं पातं घामट खिशात आठवडाभरात डाग धरतं.

आता याच्या उलट बाजूला मॅग्नाकट ठेवा. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने आखलेलं आणि क्रुसिबल कंपनीने २०२१ मध्ये बाजारात आणलेलं हे पोलाद. त्यात क्रोमियम जेमतेम १०.७ टक्के, म्हणजे कागदावर डी-टूपेक्षाही कमी. पण त्याची रचनाच अशी आहे की कठीण कण व्हॅनेडियम आणि नायोबियमचे बनतात, क्रोमियम जवळजवळ सगळं मोकळं राहतं. परिणामी १४ टक्के क्रोमियमच्या एस-३०-व्ही पोलादापेक्षाही मॅग्नाकट गंज जास्त रोखतं. गेल्या काही वर्षांत चाकूच्या पोलादात झालेला हा सगळ्यात मोठा बदल आहे, असं माझं ठाम मत आहे; आणि त्याचा खरा फायदा कोरड्या आयडाहोपेक्षा आपल्या किनाऱ्यावर आहे. ऑस्ट्रियाच्या बोलरचं एम-३९० घ्या: २० टक्के क्रोमियम, १.९ टक्के कार्बन. धार फार टिकते, गंजही बऱ्यापैकी रोखतं, पण बोथट झाल्यावर घरच्या दगडाला जुमानत नाही. आणि ज्याचा संबंध खरोखर खाऱ्या पाण्याशी येतो, मासेमारीशी, होडीशी, त्याच्यासाठी एलसी-२००-एन. यात कार्बन कमी करून नायट्रोजन घातलेला असतो. याची धार एम-३९०च्या आधी जाते, पण मिठाच्या पाण्यात ठेवलं तरी ते सहसा डागाळत नाही.

गंज म्हणजे नुसता दिसणारा तांबूस डाग नव्हे. धारेची कड इतकी बारीक असते की डोळ्यांना काही दिसायच्या आधीच ती खाल्ली जाते. कपाटात महिनाभर न वापरता पडलेला चाकू बोथट निघाला तर कोणी वापरला का, असं घरात विचारण्याआधी हवेचा संशय घ्यावा.

तीन चाकू शेजारी ठेवून बघितले की महाग चाकूत पैसे कशाचे पडतात ते कळतं. ख्रिस रीव्हचा सेबेन्झा, स्पायडर्कोचा पॅरा मिलिटरी २ आणि बेंचमेडचा बगआउट. ‘सेबेन्झा’ हा झुलू भाषेतला शब्द, अर्थ ‘काम’. रीव्ह मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. त्याच्या लहान आकाराच्या चाकूचं पातं ७६ मिमी आणि किंमत ४०० डॉलरच्या वर. पॅरा मिलिटरी २ २०१० मध्ये आला, पातं ८७ मिमी, वजन सुमारे १०६ ग्रॅम. बगआउट २०१७ चा, पातं ८२ मिमी आणि वजन अवघं ५२ ग्रॅम. या दोघांच्या किमती सेबेन्झापेक्षा बऱ्याच कमी.

लांबीच्या आकड्यांवर लोक फार वेळ घालवतात. मी पात्याची जाडी आधी बघतो. पॅरा मिलिटरी २चं पातं पाठीकडे ३.७ मिमी जाड, सेबेन्झाचं सुमारे ३ मिमी, बगआउटचं २.३ मिमी. हापूसचा गाल बाठ्याला लागून उतरवताना हा फरक हाताला लगेच कळतो. पातळ पातं बाठ्याच्या कडेने वळत सरकतं. जाड पातं अर्ध्यात पोचलं की पाचरीसारखं फळ दोन्हीकडे ढकलतं आणि रस बोटांवर येतो. सफरचंद तर कापलं न जाता कट्‌कन फुटतं. सेबेन्झाच्या पात्याच्या दोन्ही बाजू आत खोलगट घासलेल्या असतात, त्यामुळे धारेजवळ ते छान बारीक असतं आणि वर अचानक जाड होतं. सुतळी, पार्सलची चिकटपट्टी, मखराचा पुठ्ठा यांना काही अडत नाही, पण खोल फळात ते अडकतं. एक साधी मोजपट्टी सुचवतो: ओपिनेलचा ८ नंबरचा फ्रेंच चाकू. त्याचं पातं दोन मिमीहून पातळ आहे आणि किंमत या तिघांच्या पासंगालाही पुरत नाही. नुसतं फळ कापण्यात तो तिघांनाही मागे टाकतो. मात्र त्याची मूठ लाकडी आहे. मुंबईच्या पावसाळ्यात ते लाकूड फुगतं आणि पातं असं घट्ट बसतं की नखाने उघडत नाही. मेण किंवा जवसाचं तेल मुरवून थोडा उपाय होतो, पूर्ण होत नाही.

उघडलेलं पातं हातावर मिटू न देणारं ते लॉक. त्यात या तिघांचा स्वभाव वेगवेगळा आहे. सेबेन्झाच्या मुठीतल्या टायटॅनियमच्या पट्टीलाच चीर देऊन एक जीभ आत वाकवलेली असते. पातं उघडलं की ती त्याच्या बुडामागे येऊन टेकते. वेगळा भाग नाही, तुटायला नाजूक स्प्रिंग नाही. ही कल्पना रीव्हची, आणि आज जगभरचे कारखाने ती वापरतात. तिच्यात दोष एकच: टायटॅनियम कडक पोलादावर घासलं की त्याला चिकटतं आणि बंद करताना जीभ ओढून काढावी लागते. सेबेन्झा ३१ या आवृत्तीत म्हणून त्या जागी सिरॅमिकची बारीक गोळी बसवली आहे. ती ना चिकटते, ना गंजते. इतर कारखाने तिथे पोलादाचा छोटा तुकडा स्क्रूने लावतात. तेही चालतं, पण तो तुकडा आणि त्याचा स्क्रू ही गंजाची नवी जागा होते.

पॅरा मिलिटरी २चं लॉक पाठीच्या बाजूला आहे. बंद करताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही, ही मोठी गोष्ट. पावसात ओल्या हातांनी, एका हातात छत्री धरून चाकू मिटायचा असेल तर या तिघांत मी यालाच जास्त सुरक्षित मानतो. बगआउटमध्ये पोलादाचा आडवा दांडा दोन केसासारख्या स्प्रिंगांवर मागेपुढे सरकतो. वापरायला फार सोपं, डाव्या-उजव्या दोन्ही हातांना सारखं. पण त्या स्प्रिंगा कधीतरी तुटतात. एक तुटली तरी दुसरीवर चाकू चालतो, फक्त दांडा एका बाजूने सैल लागतो. तसं जाणवलं की चाकू बाजूला ठेवावा. दुसरी कधी जाईल याचा भरवसा नसतो आणि मधल्या काळात लॉकवर विसंबणं धोक्याचं. बगआउटची मूठ काचतंतू घातलेल्या नायलॉनची आहे, दाबली की किंचित लवते. काहींना ते हलकं वाटतं. मला ५२ ग्रॅमसाठी तो सौदा मान्य आहे.

लॉक तपासायला पाठ टेबलावर आपटून बघायची पद्धत आहे, ती सोडून द्यावी. त्या धक्क्याने चांगलं लॉकही खराब होतं. पातं पूर्ण उघडून, बोटं वाटेतून बाजूला ठेवून पाठीवर हाताने हळूहळू दाब वाढवायचा. मग टोक धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बघायचं. डावी-उजवीकडे हलत असेल तर पातं ज्यावर फिरतं तो मधला खिळा सैल आहे, तो घट्ट करता येतो. वर-खाली हलत असेल तर लॉकच झिजलंय किंवा नीट बसत नाही. नव्या चाकूत असं आढळलं तर तो परत करावा.

पातं ज्या खिळ्यावर फिरतं, त्याच्या दोन्ही बाजूंना चकत्या असतात. त्या एकतर फॉस्फर ब्राँझच्या सपाट, नाहीतर बारीक गोळ्यांच्या बेअरिंगच्या. बेअरिंगवर पातं एका झटक्यात उघडतं, हाताला सुख वाटतं, आणि चीनमधल्या यांगजियांगच्या कारखान्यांनी हे काम आता फार उंचीवर नेलं आहे. तरी मुंबईसाठी मी ब्राँझच्या चकत्यांच्या बाजूने आहे. बांधकामाची धूळ, सुतळीचे तंतू, आंब्याचा रस आणि दमट हवा यांचं मिश्रण बेअरिंगच्या जाळीत शिरलं की पातं करकरू लागतं. पोलादी गोळ्या गंजल्या तर खिळ्याजवळ तपकिरी चिखल होतो. सपाट चकतीत घाण लपायला जागा कमी. सेबेन्झात खिळ्यावर एक बुश, म्हणजे छोटी नळी असते, अचूक लांबीला घासलेली. स्क्रू पूर्ण आवळला तरी पातं ना जखडत, ना डुलत. इतर चाकूंत स्क्रू किती आवळायचा हे अंदाजाने शोधावं लागतं. सेबेन्झाच्या किमतीतला मोठा वाटा या घासकामाचा आहे, आणि माझ्या लेखी तो योग्य आहे. चाकू दर पावसाळ्यात दोनदा उघडावाच लागणार असेल, तर पुन्हा जोडताना डोकं न लावता नीट बसणारा चाकू हीच चैन.

उघडायचं कसं, तेही सांगतो, कारण बहुतेक चांगले चाकू इथेच बिघडतात. टॉर्क्सचे, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या टोकाचे, टी-६, टी-८ आणि टी-१० हे तीन पाने लागतात. सेबेन्झाला षटकोनी पाना. पाने चांगल्या पोलादाचे घ्यावेत, नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानांत ते मिळतात. मऊ पान्याने स्क्रूचं डोकं गोल झालं की पुढचं सगळं अवघड. स्क्रू हलत नसेल तर जोर लावू नये. कारखान्यात आट्यांना निळा चिकटद्रव लावलेला असतो. सोल्डरिंगचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर २०-३० सेकंद टेकवलं की तो मऊ पडतो. सुटे भाग पांढऱ्या कापडावर निघाले त्याच क्रमाने मांडावेत. खिळा, चकत्या आणि पात्याचं बूड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं, पूर्ण वाळू द्यावं, प्रत्येक चकतीला तेलाचा एकच थेंब. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. जोडताना मुठीचे स्क्रू आधी सैलसर लावावेत, मग मधला खिळा, आणि शेवटी मुठीचे आवळावेत. मधला स्क्रू एका वेळी पाच-दहा अंशच फिरवून प्रत्येक वेळी पातं उघडून बघावं.

तेल कोणतं? खोबरेल नको, ते २४ अंशांच्या खाली थिजतं आणि जुनं झालं की चिकट होतं. शेंगदाण्याचं किंवा मोहरीचंही हवेत सुकून डिंकासारखं बसतं. खिळ्याला शिलाई मशीनचं तेल पुरतं. ज्या पात्याने फळ कापायचं त्याला औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन लावावं. त्याला वास नाही, चव नाही, ते खवट होत नाही.

धार लावायला सायकलच्या चाकावर सहाण फिरवणारा धारवाला आजही चाळींतून, सोसायट्यांतून येतो. विळीसाठी त्याच्या हाताला तोड नाही. पण या पात्यांसाठी त्याच्याकडे जाऊ नये, आणि याचं कारण पुन्हा पाण्यातच आहे. पाणी दिल्यानंतर पातं पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. मॅग्नाकटसारख्या पोलादाला हे तापमान साधारण १७५ ते २०० अंश असतं. कोरडी सहाण वेगाने फिरते तेव्हा धारेची पातळ कड क्षणात याच्या कितीतरी वर जाते. कड मऊ पडते, तिचं पाणी उतरतं, आणि चार दिवसांत धार वळते. शिवाय व्हॅनेडियमचे कण सहाणेच्या साध्या दाण्यांपेक्षाही कठीण असतात. दाणे त्यांना कापत नाहीत, त्यांच्याभोवतीचं पोलाद तेवढं खरवडतात. म्हणून हिऱ्याच्या कणांची सपाट पट्टी हवी: ४०० किंवा ६०० ग्रिट आणि १०००-१२०० ग्रिट, अशा दोन पुरतात (ग्रिटचा आकडा मोठा, तितके दाणे बारीक).

कोन दर बाजूला १७ अंशांच्या आसपास. अंदाज असा: पात्याची रुंदी २५ मिमी असेल तर पाठ पट्टीपासून सुमारे ७ मिमी वर धरायची. हातातली नाणी एकावर एक ठेवून ती उंची मोजता येते. धारेच्या उतारावर मार्करने रेघ काढा आणि चार घासे द्या. रंग फक्त वरच्या कडेचा गेला तर कोन कमी आहे, फक्त धारेलगतचा गेला तर जास्त. उलट्या बाजूला नखाला अडणारी बारीक कड सगळ्या लांबीवर जाणवेपर्यंत एकाच बाजूने घासायचं. मग दुसरी बाजू. मग एकेक घासा, दाब कमी करत करत. ती वळलेली कड पूर्ण निघाली नाही तर चाकू कागद झकास कापतो आणि टोमॅटोवर घसरतो. धार लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांतल्या बहुतेकांचं काम या शेवटच्या दहा घाशांत अडलेलं असतं.

चाकू बाळगायचा कुठे? क्लिप लावून खिशात, ही परदेशी रीत. विरारच्या सकाळच्या गाडीत ती चालत नाही. जिभेच्या लॉकमध्ये मिटलेलं पातं बंद धरायला जिभेवर एक बारीक गोळी असते, ती पात्याच्या खळगीत बसते. गर्दीच्या रेट्यात क्लिप दुसऱ्याच्या पिशवीच्या पट्ट्यात अडकून चाकू ओढला गेला आणि ती पकड कमजोर असली, तर पातं खिशात काही मिलिमीटर उघडतं. तेवढं पुरतं. पातं खाली धरून मूठ जोरात झटकली आणि पातं बाहेर आलं, तर तो चाकू खिशासाठी नाहीच. एरवीही मी पिशवीतली जाड कापडी थैली बरी मानतो. चामड्याची नको, चामडं ओल धरतं आणि पात्याला डाग पाडतं.

कायदा नीट समजून घ्यावा. २०१६च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख शस्त्रांत येतो. घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक कामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. तीन-साडेतीन इंचांचं पातं त्या मापात बसत नाही. पण मुंबईत एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७(१)खाली ठरावीक काळासाठी चाकू, काठ्या जवळ बाळगायला मनाई करता येते. मुंबईत असे आदेश वेळोवेळी निघतात आणि तो मोडला तर कलम १३५ लागतं. सणांच्या, निवडणुकांच्या काळात चाकू घरी ठेवावा. मेट्रोत आणि मॉलच्या दारात बॅग यंत्रातून जाते, विमानात हातातल्या सामानात पातं नेता येत नाही. या शहराच्या डोक्यात खटक्याने उघडणारा चाकू म्हणजे रामपुरी, हेही लक्षात ठेवावं. फळवाल्याच्या गाडीपाशी झटक्यात उघडून ‘खट्’ असा आवाज करू नये. दोन्ही हातांनी, सावकाश, खाली बघत उघडावं. शेजारी उभ्या असलेल्या बाईला किंवा मुलाला दचकवायचा आपल्याला काही अधिकार नाही.

निवड सांगायची तर पैशाची अडचण नसलेल्याला मी मॅग्नाकटचा लहान सेबेन्झा सांगेन, कारण तो उघडून, धुऊन, जोडून वीस वर्षं वापरता येईल. ज्याचा चाकू मुख्यतः फळांवर आणि पार्सलांवर चालतो त्याला बगआउट. तोही मॅग्नाकटचा मिळाला तर एस-३०-व्हीचा घेऊ नये. सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्याला पॅरा मिलिटरी २ची पकड आवडेल, पण परतल्यावर त्याच रात्री तो गोड्या पाण्याने धुवायला हवा. या तिघांच्याही नकला बाजारात भरपूर आहेत. अक्षरं तंतोतंत असतात, पोलाद कोणतं ते देवाला ठाऊक. निम्म्या किमतीत नवा सेबेन्झा मिळत असेल तर तो सेबेन्झा नाही.

पावसाळाभर चाकू वापरायचा नसेल तर पात्यावर पॅराफिनचा पुसट हात फिरवून, सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवावा, पातं अर्धवट उघडं. पुड्या दर महिन्याला बदलाव्यात. सप्टेंबर संपला की टिश्यू पेपरची बारीक गुंडाळी करून ती खिळ्याजवळच्या फटीतून, लॉकच्या जिभेखालून आणि स्क्रूच्या डोक्यांवरून फिरवावी. पात्यावर काही दिसत नसतानाही कागद केशरी निघाला तर चाकू त्याच दिवशी उघडावा.